विहीर, बोअर आणि पिण्याचं पाणी: बेळगाव सीमाभागातल्या घरांसाठी

बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकलचं पाणी नळाने येतं, तरी शहापूर, वडगाव, अनगोळच्या जुन्या घरांच्या परसातल्या विहिरी सुटलेल्या नाहीत. नळ लांबला की पोहरा विहिरीतच पडतो. खानापूर तालुक्यात जांबोटी, कणकुंबीकडे विहीर आणि झरा हाच आधार, तर निपाणी, चिकोडी, अथणीच्या ऊसपट्ट्यात घरोघर बोअर. हे पाणी गार लागतं, चवीला बरं असतं आणि बहुतेक वेळा नितळ दिसतं. ते प्यायला योग्य आहे की नाही, हे मात्र चवीवरून किंवा नितळपणावरून कळत नाही. ज्या जंतूंनी गॅस्ट्रो, कावीळ आणि विषमज्वर होतो, ते पाण्यात असले तरी पाणी स्वच्छच दिसतं.

लोक बहुधा उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी वीस-पंचवीस हजारांचं आरओ मशीन बसवतात, चाचणी नंतर कधीतरी होते आणि विहिरीला लागून असलेला उकिरडा तसाच राहतो. माझं सांगणं असं, की आधी विहिरीभोवतीचं आवार नीट करा, मग पाणी तपासा, मग क्लोरीनचं बघा आणि यंत्राचा विचार सगळ्यात शेवटी करा. या क्रमाने गेलात तर बऱ्याच घरांना यंत्र लागतच नाही.

तुमची जमीन कोणती?

आपल्या भागात दहा-पंधरा मैलांवर जमीन बदलते आणि तिच्याबरोबर पाण्याचे दोषही बदलतात. खानापूरचा पश्चिम भाग आणि बेळगाव शहराच्या आसपास वर जांभा आहे, त्याखाली काळा पाषाण. जांभा ही चाळण आहे. पावसाचं पाणी त्यातून भराभर खाली उतरतं, विहीर लवकर भरते आणि त्याच वाटेने संडासाच्या खड्ड्यातलं पाणीही लवकर पोचतं. म्हणून जांभ्यातल्या विहिरीला सगळ्यात मोठा धोका जंतूंचा. शिवाय जांभ्यात लोह भरपूर असल्याने पाणी कधी तांबूस होतं. ते थोडं आम्लधर्मीही असू शकतं आणि मग लोखंडी पाइप लवकर खातं.

पूर्वेला आणि उत्तरेला, काळ्या रानात, गोष्ट वेगळी. तिथे पाऊस कमी, पाणी खोल आणि जड. उसाला घातलेल्या युरियाचा जो भाग पिकाच्या कामी येत नाही, तो नायट्रेट होऊन भूजलात उतरतो. जिथे वर्षानुवर्षं पाटाचं पाणी जास्त दिलं गेलं, तिथे जमिनीबरोबर विहिरीही खारट झाल्या आहेत. खोल बोअरमधलं पाणी खडकाला वर्षानुवर्षं लागून राहिलेलं असतं, म्हणून तिथे फ्लोराइडची शंका धरूनच चालावं. बेळगाव जिल्ह्याच्या काही भागांत तो मर्यादेपेक्षा जास्त सापडलेला आहे.

विहिरीभोवती एक फेरी

हातात टेप घ्या आणि विहिरीच्या काठापासून मोजत निघा. संडासाचा खड्डा, शोषखड्डा, गोठा, उकिरडा, गटार यांपैकी काहीही पन्नास फुटांच्या आत असता कामा नये, आणि विहीर त्यांच्यापेक्षा उंचावर हवी. पन्नास फूट हे किमान अंतर झालं. जांभ्यात किंवा फटी असलेल्या पाषाणात ते पुरत नाही, तिथे शंभर फूट धरा. शेजाऱ्याचा खड्डाही मोजा, कारण जमिनीखाली बांध नसतो. शहरात हे अंतर मिळणं अवघड आहे, हे मान्य. तिथे गटार आणि ड्रेनेजची लाइन कुठून जाते ते बघा. बेल्लारी नाल्याच्या काठाला किंवा फुटक्या ड्रेनेजशेजारी विहीर असेल, तर ते पाणी भांड्यांना, झाडांना वापरा आणि पिण्यासाठी दुसरी सोय करा. एवढ्या जवळच्या सांडपाण्यावर नुसत्या क्लोरीनने भागत नाही.

मग विहिरीचं बांधकाम तपासा. वरच्या निदान वीस फुटांत दगड किंवा विटांचे सांधे सिमेंटने बंद हवेत, म्हणजे वरचं पाणी बाजूने झिरपत नाही आणि खालून गाळून आलेलंच विहिरीत येतं. कठडा अडीच फूट तरी उंच हवा. भोवती तीन-चार फुटांचा बाहेर उतार असलेला कट्टा आणि सांडलेलं पाणी लांब नेणारी पक्की नाली हवी. कट्ट्याला तडे गेले असतील तर पावसाळ्याआधी भरून घ्या. या कामाला दोन पोती सिमेंट आणि एका गवंड्याचा दिवस लागतो, आणि पाण्यात त्याच्याइतका फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही असं माझं ठाम मत आहे.

विहिरीवर जाळी आणि झाकण बसवा. पोहरा आणि दोर एकच ठेवा, ते जमिनीवर लोळू देऊ नका. कट्ट्यावर धुणं, भांडी आणि म्हशी धुणं बंद करा. निर्माल्य विहिरीत टाकू नका. पिण्याच्या विहिरीत गणपती विसर्जन करायची जुनी पद्धत काही गावांत आहे, तिथे मंडळाने वेगळा हौद करावा. रंग आणि प्लास्टर दोन्ही पाण्यात उतरतात.

बोअर असेल तर केसिंग, म्हणजे बोअरच्या तोंडाशी आत बसवलेला पाइप, जमिनीच्या वर फूट-दीड फूट आलेला हवा, तोंड घट्ट बंद हवं आणि पाइपाभोवतीची पोकळी सिमेंटने भरलेली हवी. जांभ्यात केसिंग खालच्या घट्ट खडकापर्यंत गेलं पाहिजे. ड्रिलिंगवाले पाइप वाचवायला बघतात. तुम्ही समोर उभे राहून पाइप मोजून घ्या.

घरी काय कळतं आणि काय नाही

डाळ शिजायला वेळ, साबणाला फेस नाही, पातेल्याला पांढरा थर: पाणी जड आहे. पाणी भरून ठेवल्यावर तांबूस होतं, भात पिवळसर दिसतो, पांढऱ्या कपड्यांवर डाग पडतात: लोह आहे. कोऱ्या चहात पाणी घालून तो काळपट पडला तरी लोहाचाच संशय घ्या. पहिल्या पावसानंतर पाणी गढूळ होत असेल, तर वरचं पाणी थेट विहिरीत उतरतं आहे आणि ही खूण सगळ्यात गंभीर आहे.

जंतू, नायट्रेट आणि फ्लोराइड मात्र डोळ्यांना, नाकाला किंवा जिभेला कळत नाहीत. टीडीएस मीटरलाही नाही. तो फक्त विरघळलेले क्षार दाखवतो. टीडीएस शंभर असलेल्या पाण्यातही कावीळ असू शकते.

यंत्र विकायला येणारा माणूस पाण्यात वीज जोडलेल्या दोन लोखंडी कांड्या बुडवून ते तपकिरी, गाळकट करून दाखवतो. तो गाळ तुमच्या पाण्यातला नसतो. पाण्यातल्या क्षारांमुळे वीज वाहते, त्या लोखंडी कांड्याच झिजतात आणि तो रंग येतो. आरओच्या पाण्यात क्षार फारच कमी असल्याने वीज जवळजवळ वाहत नाही आणि ते स्वच्छ दिसतं. हा खेळ बघून पैसे देऊ नका.

नमुना कसा घ्यायचा

तपासणीसाठी आधी ग्रामपंचायतीत पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) किंवा वॉटरमनला विचारा. जल जीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं किट वापरायला शिकवण्याची तरतूद आहे आणि सरकारी पाणी प्रयोगशाळा सामान्य लोकांसाठी माफक दरात खुल्या केलेल्या आहेत. आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राकडे जीवाणूंची छोटी बाटली मिळते का तेही बघा. तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरून खोलीच्या उबेत ठेवायचं. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत पाणी काळं पडलं तर त्यात मैल्याचे जंतू आहेत असं धरायचं. ही चाचणी स्वस्त आहे आणि दर पावसाळ्यात घरी करण्यासारखी आहे.

प्रयोगशाळेसाठी दोन वेगळे नमुने लागतात. रासायनिक चाचणीसाठी दोन लिटरचा स्वच्छ कॅन त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरा. जंतूंच्या चाचणीसाठी मात्र प्रयोगशाळेने दिलेली निर्जंतुक बाटलीच वापरा. ती विसळायची नाही, झाकणाच्या आत बोट लावायचं नाही आणि वर थोडी हवा ठेवायची. बोअरचा पंप आधी दहा मिनिटं चालू द्या. नळाच्या तोंडाला फडकं किंवा प्लास्टिक असेल तर काढा, तोंड लायटरने शेकून घ्या आणि मग भरा. उघड्या विहिरीचा पोहरा आधी उकळत्या पाण्याने धुवा. बाटली बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो सहा तासांत पोचवा. कणकुंबीहून बेळगावला यायचं तर पहाटे नमुना घेऊन पहिली एसटी पकडावी. विहिरीत नुकतंच क्लोरीनचं औषध टाकलं असेल तर दोन-चार दिवस थांबा आणि नमुना देताना तसं सांगा.

कधी तपासायचं? जंतूंसाठी मृग निघून दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर, कारण तेव्हा पाणी सगळ्यात वाईट असतं. नायट्रेट पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या आसपास. फ्लोराइड, क्षार आणि जडपणा एप्रिल-मेमध्ये, पाणी खोल गेलेलं असताना. तीन वेळा जमत नसेल तर निदान पावसाळ्यातली जंतूंची चाचणी चुकवू नका. नवीन बोअरचं पाणी मात्र सगळ्या चाचण्या झाल्याशिवाय पिऊ नये.

अहवाल वाचताना

अहवाल बहुतेक वेळा इंग्रजी किंवा कन्नडमध्ये येतो. वाचायला अडचण असेल तर घरातल्या शाळकरी पोराला शेजारी बसवा आणि पुढचे आकडे ताडून बघा. ते भारतीय मानक आयएस 10500 (2012) मधले आहेत, एका लिटरला मिलिग्रॅममध्ये.

आधी ई. कोलाय हे मैल्यातले जंतू बघा. ते शंभर मिलिलिटरमध्ये एकही असता कामा नये. एक जरी असलं तर माणसाची किंवा जनावराची विष्ठा पाण्यापर्यंत पोचते आहे. कोलिफॉर्म (माती आणि मैला दोन्हींत सापडणारे जंतू) आहेत पण ई. कोलाय नाही, तर वरचं पाणी आत शिरतंय. तेव्हा कट्टा आणि सांधे पुन्हा बघा.

मग नायट्रेट. मर्यादा 45, त्यात सवलत नाही. अहवालात नायट्रेट नायट्रोजन असं लिहिलं असेल तर मर्यादा 10 समजायची, कारण मोजण्याची पद्धत वेगळी आहे. जास्त नायट्रेटचा खरा धोका सहा महिन्यांखालच्या बाळाला. रक्त प्राणवायू नेईनासं होतं आणि बाळ निळं पडू लागतं. अशा पाण्यात पावडरचं दूध कधीही कालवू नका. उकळून नायट्रेट जात नाही, पाणी आटून ते उलट वाढतं. नायट्रेट आणि ई. कोलाय दोन्ही वाढलेले असतील तर कारण जवळचा खड्डा किंवा उकिरडा. नायट्रेट एकटंच वाढलं असेल तर संशय खतावर घ्यायचा.

फ्लोराइडची इष्ट मर्यादा 1.0, आणि दुसरं पाणी मिळणारच नसेल तर 1.5 पर्यंत. त्यापुढे लहान मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे उमटतात आणि ते जात नाहीत. पुढे हाडं आणि सांधे आखडतात. घरात आठ वर्षांखालचं मूल असेल तर इथे अजिबात तडजोड करू नका.

बाकीचं थोडक्यात. टीडीएस 500 पर्यंत उत्तम, नाइलाजाने 2000 पर्यंत. जडपणा 200 आणि नाइलाजाने 600, आणि त्रास मुख्यतः स्वयंपाकाला आणि गिझरला. लोह 1.0 च्या आत. पीएच 6.5 ते 8.5. क्लोराइड 250, नाइलाजाने 1000.

विहिरीत क्लोरीन किती आणि कसं

इथे बहुतेकांचं अंदाजावर चालतं. कुणीतरी मूठभर पावडर वरून फेकतो, ती तळाला चुना होऊन बसते आणि जंतू तसेच राहतात.

आधी पाणी मोजा. गोल विहिरीचा व्यास फुटांत घ्या. दगड बांधलेला दोर तळापर्यंत सोडा, वर ओढा आणि ओला भाग मोजा, ती पाण्याची खोली. व्यास गुणिले व्यास गुणिले खोली गुणिले 22, इतके लिटर पाणी. दहा फूट व्यास आणि बारा फूट पाणी असेल तर 10 × 10 × 12 × 22, म्हणजे 26,400 लिटर. चौकोनी विहिरीला लांबी, रुंदी आणि खोलीचा गुणाकार करून त्याला 28 ने गुणा.

चांगल्या ब्लीचिंग पावडरीत, म्हणजेच टीसीएलमध्ये, साधारण 33 टक्के क्लोरीन असतं. नेहमीच्या औषधासाठी दर हजार लिटरला अडीच ग्रॅम लागते. वरच्या विहिरीला 66 ग्रॅम. पाकीट फोडून महिनाभर उघडं राहिलं असेल, पावडर ओलसर होऊन तिचा वास गेला असेल, तर ती घालून उपयोग नाही. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, अंधारात ठेवा. लोखंडी डबा गंजतो.

संध्याकाळी सगळ्यांचं पाणी भरून झालं की काम सुरू करा. नाकातोंडाला फडकं बांधा. प्लास्टिकच्या बादलीत पावडर थोड्या पाण्यात कालवून लापशी करा, मग बादली पाऊण भरा आणि ढवळा. एका बादलीत शंभर ग्रॅमपेक्षा जास्त पावडर नको. दहा मिनिटांत चुना खाली बसेल. वरचं नितळ पाणी दुसऱ्या बादलीत ओता. चुना विहिरीत टाकायचा नाही. नितळ पाण्याची बादली दोराने विहिरीत सोडा, पाण्याखाली नेऊन वरखाली, आडवीतिडवी हलवा, म्हणजे औषध सगळीकडे पोचेल. निदान एक तास कुणी पाणी काढू नये.

तासाभराने क्लोरोस्कोपमध्ये, म्हणजे क्लोरीन मोजायच्या छोट्या संचात, पाणी घेऊन थेंब टाका. उरलेलं क्लोरीन लिटरला 0.5 मिलिग्रॅम हवं. कमी आलं तर पाण्यातच घाण जास्त आहे, तेव्हा तेवढीच मात्रा पुन्हा द्या. घरात भरलेल्या पाण्यात 0.2 तरी राहिलं पाहिजे. क्लोरोस्कोप वॉटरमनकडे असायला हवा. नसेल तर पंचायतीकडे लेखी मागा.

गावात जुलाबाची साथ असेल तर हे रोज, पावसाळ्यात आठवड्याला, एरवी चाचणी सांगेल तसं. पावडर फिनेलमध्ये, ॲसिडमध्ये किंवा संडास धुवायच्या औषधात कधीही मिसळू नका. विषारी वायू सुटतो.

घरात आल्यावर

गढूळ पाण्यात तुरटी फिरवा, गाळ बसू द्या, वरचं पाणी गाळून घ्या. तुरटीने जंतू मरत नाहीत, पण गाळ गेल्यावर क्लोरीन किंवा उकळणं नीट काम करतं. पाणी खळखळून एक मिनिट उकळलं की पुरे. क्लोरीनच्या गोळ्या वेगवेगळ्या ताकदीच्या असतात, म्हणून पाकिटावरचं प्रमाण वाचा आणि अर्धा तास थांबा. घागर असो की बिंदगी, झाकण हवं आणि पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढायचं, हात बुडवून नाही.

यंत्र घ्यायचंच तर अहवाल पुढे ठेवून घ्या. फक्त जंतू असतील आणि पाणी नितळ असेल तर यूव्ही फिल्टर पुरतो. नायट्रेट, फ्लोराइड किंवा जास्त क्षार असतील तरच आरओ. टीडीएस 500 च्या आत असताना आरओ लावणं म्हणजे एक लिटरसाठी दोन-तीन लिटर पाणी फेकणं, आणि आपल्या पूर्व भागात ते परवडण्यासारखं नाही. गावात शुद्ध पाण्याचा सरकारी प्लांट असेल तर पिण्या-स्वयंपाकापुरतं तिथून आणा, पण त्याचंही पाणी वर्षातून एकदा तपासून घ्यायला पंचायतीला सांगा. मेंब्रेन, म्हणजे आतला गाळणारा पडदा, वेळेवर बदललं नाही तर तो नुसता नळ राहतो.

पुरानंतर

2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा आणि मार्कंडेयच्या काठच्या कितीतरी विहिरी पुराखाली गेल्या. अशा विहिरीला नेहमीची मात्रा पुरत नाही.

पूर ओसरल्यावर पाणी उपसून काढा, पण एका दमात सगळं नाही. भोवतीची जमीन पाण्याने फुगलेली असताना विहीर रिकामी केली तर बांधकाम ढासळू शकतं. डिझेल किंवा पेट्रोलचा पंप विहिरीत उतरवून चालवू नका. त्याच्या धुराने माणूस बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेलाही जातो. आत उतरायचंच तर आधी भरपूर हवा खेळू द्या, कमरेला दोर बांधा आणि वर दोन धडधाकट माणसं उभी ठेवा. कंदील सोडून बघायची जुनी रीत फक्त प्राणवायू कमी असल्याचं सांगते. कंदील जळत राहिला म्हणून विषारी वायू नाही असं होत नाही. आत चक्कर आली तर लगेच वर ओढा, दुसरा माणूस खाली पाठवू नका.

गाळ काढा, भिंती पावडरीच्या पाण्याने घासा. विहिरीत मासे सोडलेले असतील तर ते आधी काढून घ्या. मग उरलेल्या पाण्यात दर हजार लिटरला 150 ग्रॅम पावडर घाला, वर सांगितलं तशीच नितळ करून. दहा फुटी विहिरीत तीन फूट पाणी राहिलं असेल तर ते 6,600 लिटर, म्हणजे साधारण एक किलो. साडेसहा इंची बोअरमध्ये दर फुटाला साडेसहा लिटर पाणी धरा. तीनशे फूट पाणी असेल तर तीनशे ग्रॅमच्या आसपास. बोअरमध्ये औषध ओतल्यावर पंप चालू करून तेच पाणी पाइपाने परत बोअरमध्ये सोडा, नळाला क्लोरीनचा वास येईपर्यंत.

बारा तास तसंच ठेवा. मग वास जाईपर्यंत पाणी उपसा आणि ते ओढ्यात, तळ्यात किंवा उभ्या पिकात सोडू नका. चार-पाच दिवसांनी जंतूंची चाचणी करा, आठवड्याने पुन्हा एकदा. दोन्ही स्वच्छ येईपर्यंत पिण्याला टँकरचं पाणी, तेही क्लोरीनची गोळी टाकून किंवा उकळून.